लग्नावरच्या वादाची चिकित्सा: कोण जिंकलं ते लिहू नकोस

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

‘लग्नानंतर घर कुणी सांभाळायचं’ या ऑनलाइन चर्चेवरचा तुझा मसुदा दोनदा वाचला. तळमळ दिसते. पण निम्म्याहून जास्त मजकूर पाहुण्यांचा चढलेला आवाज, त्यांचं हसणं आणि शेवटी कोण गप्प बसलं यातच संपलाय. तो काप. ते सगळं प्रेक्षकाने पाहिलेलंच आहे. विचारलेला प्रश्न कोणता होता आणि उत्तर भलत्याच कुठल्या प्रश्नाचं दिलं गेलं, हे त्याला तुझ्याकडून हवंय.

आधी पूर्ण भाग एका बैठकीत बघ, न थांबवता. फिरणाऱ्या छोट्या क्लिपवरून एक ओळही लिहू नकोस; ‘काही घरांत असं होतं’ या वाक्यातलं ‘काही’ कात्रीत सहज जातं. दुसऱ्यांदा बघताना वहीत चार रकाने आख: मिनिट-सेकंद, बोलणारा, शब्दशः विधान आणि विधानाचा प्रकार. प्रकार तीनच धर: ‘असं आहे’, ‘असं असावं’ आणि ‘माझ्या घरी असं झालं’. विधान कानांनी ऐकून उतरव. आपोआप उमटणाऱ्या उपशीर्षकांत वाक्याच्या शेवटचा ‘नाही’ गळला, की अर्थ पार उलटा होतो. तिसऱ्यांदा फक्त सूत्रसंचालकाकडे लक्ष ठेव: कुणाला किती मिनिटं मिळाली, कुणाला किती वेळा मध्येच तोडलं. मोबाइलचं स्टॉपवॉच पुरे. कॅमेऱ्याचा कोन बदलताना खोलीचा आवाजही एकदम बदलला, तर तिथे संकलन झालेलं असू शकतं; तिथल्या शांततेवरून ‘पाहुणे निरुत्तर झाले’ असं लिहू नये.

आता खरा मुद्दा. वधू-वर सूचक केंद्र चालवणाऱ्या पाहुण्यांना तू ‘जुन्या विचारांचे’ म्हणून दोन ओळींत मोडीत काढलंस. ते म्हणाले, मूल लहान असताना कुणीतरी घरी हवं, म्हणून बाईने दोनचार वर्षं थांबावं. ही दोन वेगळी विधानं आहेत आणि ती एका श्वासात आली. पहिल्यात दम आहे. घर ठाण्यात घोडबंदर रस्त्याला, एकाची नोकरी नवी मुंबईत महापेला, दुसऱ्याची अंधेरीला, आजी-आजोबा गावी आणि पाळणाघर सात-साडेसातला बंद. अशा घरात रोज संध्याकाळी कोण धावणार हा प्रश्न खराच आहे, आणि समानतेच्या घोषणेने तो सुटत नाही. हे तू आधी मान्य कर, त्यांनी मांडलं त्याहून चांगल्या शब्दांत. मग विचार: ‘कुणीतरी’ची ‘बाई’ नेमकी कोणत्या क्षणी झाली? त्या मिनिटाला काय कारण दिलं? माझ्या ऐकण्यात तरी कारण आलं नाही.

समोरच्या तरुण पाहुणीने उत्तर दिलं, ‘ज्याचा पगार कमी, त्याने थांबावं.’ तुला ते न्याय्य वाटलं. जरा थांब. स्थळं बघताना मुलगा वयाने मोठा, शिक्षणाने वरचढ आणि जास्त कमावणारा हवा, हीच अट बहुतेक ठिकाणी असते. म्हणजे मूल व्हायच्या कितीतरी आधी, नावनोंदणीच्या फॉर्मवरच, कमी पगार कुणाचा असणार हे ठरतं. नियम दिसायला तटस्थ, पण त्याचं उत्तर लग्नाआधीच लिहिलेलं. दोन्ही पाहुणे शेवटी एकाच ठिकाणी पोहोचले आणि सूत्रसंचालकाच्या ते ध्यानात आलं नाही. तुझ्या लेखाचा कणा हा असू दे.

आकड्यांबाबत कडक राहा. चर्चेतलं ‘पुरुषही दीड तास घरकाम करतात’ हे वाक्य २०१९ च्या राष्ट्रीय वेळवापर सर्वेक्षणावरून आलेलं दिसतं. घरच्यांसाठी विनामोबदला घरकामात पुरुषांची ९७ मिनिटं आणि बायकांची २९९ मिनिटं हे त्यातले आकडे. पण ही सरासरी त्या दिवशी घरकाम केलेल्यांचीच आहे. सहा वर्षं आणि त्यावरच्या पुरुषांपैकी ते केलं होतं २६.१ टक्क्यांनी, बायकांपैकी ८१.२ टक्क्यांनी. मिनिटांना टक्केवारीने गुणून ती सगळ्यांवर वाटून बघ: पुरुष साधारण २५ मिनिटं, बाई साधारण २४३. हा गुणाकार लेखात उघडपणे मांड, वाचकाला पडताळता आला पाहिजे. २०२४ च्या फेरीत ८८ आणि २८९ असे आकडे आले, तेही करणाऱ्यांचेच.

‘निम्मी लग्नं मोडतात’ हे विधानही तपास. एका वर्षातले घटस्फोटाचे अर्ज त्याच वर्षी नोंदलेल्या लग्नांनी भागले, की असे आकडे तयार होतात. पण अर्ज करणाऱ्यांची लग्नं निरनिराळ्या वर्षी झालेली असतात आणि कित्येक लग्नांची नोंदणीच होत नाही. उलट बाजूने जनगणनेतली घटस्फोटितांची अत्यल्प टक्केवारी फेकली जाते. तिच्यात पुनर्विवाह केलेले ‘विवाहित’ म्हणून मोजले जातात. दोन्ही आकडे सोडून दे.

पोटगीवर दोघंही अर्धवट बोलले. हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम २४ आणि २५ खाली नवराही मागणी करू शकतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्ये मात्र बायको, मुलं आणि आईवडील आहेत, नवरा नाही. एवढं दोन वाक्यांत सांग आणि पुढे जा. ‘आमच्या पणज्यांनी कधी तक्रार केली नाही’ याला रखमाबाईंचा खटला पुरे: नवऱ्याकडे नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात, असा हुकूम मुंबईच्या उच्च न्यायालयात १८८७ मध्ये झाला होता आणि त्यांनी नांदायला साफ नकार दिला होता.

एक माणूस त्या टेबलाशी नव्हतंच, आणि तुझ्याही मसुद्यात नाही: पोळ्या, केर-लादी, धुणं-भांडी करणारी बाई. ठाण्यातल्या कितीतरी नोकरदार जोडप्यांची ‘वाटणी’ तिच्या हातांवर उभी असते. सर्वेक्षणात तिचं काम रोजगार म्हणून मोजलं जातं. त्यामुळे मालकिणीची मिनिटं घटतात, मालकाची वाढत नाहीत, आणि तिच्या स्वतःच्या घरचा स्वयंपाक रात्री तिलाच करावा लागतो. यावर एक अख्खा परिच्छेद हवा.

लेख हजार शब्दांत बसव. विधानं तीनच घे, प्रत्येकापुढे मिनिट-सेकंद दे. पाहुणीच्या कपड्यांबद्दलचं वाक्य आजच काढ. प्रसिद्ध करण्याआधी दोन्ही पाहुण्यांना त्यांची विधानं शब्दशः पाठव, ‘मी हे बरोबर समजलोय का’ एवढंच विचार आणि उत्तरासाठी दोन दिवस थांब. दुरुस्ती आली तर ती त्यांच्याच शब्दांत छाप. दुसरा मसुदा आणि रकान्यांची वही दोन्ही मला दाखव.

कळावे.