नवा एअर इनटेक आणि चेक इंजिनचा दिवा

प्रश्न : हायब्रिड पिकअपला कंपनीच्या ऐवजी बाहेरचा एअर इनटेक (इंजिनात हवा नेणारी नळी आणि फिल्टर) बसवला. दोन दिवसांत चेक इंजिनचा दिवा लागला. काढून टाकू का?

उत्तर : थांबा. आधी मास एअरफ्लो सेन्सर (आत जाणारी हवा मोजणारा) आणि थ्रॉटल बॉडी (ती हवा कमी-जास्त करणारी झडप) यांच्यामधले क्लॅम्प आवळून पाहा. तिथून न मोजलेली हवा शिरली की हवा-इंधनाचं मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतं, आणि दिवा लागतो. माझ्या गाडीत नेमकं हेच झालं होतं, आणि मी उगाच आठवडाभर सेन्सरवर संशय घेत बसलो. एअर फिल्टर तेल लावलेल्या प्रकारचा असेल तर जादा तेल सेन्सरच्या तारेवर बसतं. ती फक्त सेन्सर क्लीनरनेच धुवा.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. हायब्रिडचं इंजिन शांत आहे म्हणजे गाडी बंद आहे, असं समजू नका. ते अचानक सुरू होतं. गाडी बंद करून डॅशबोर्डवरचा ‘रेडी’ दिवा विझवा, चावी लांब ठेवा, मगच बॉनेटखाली हात घाला. नारिंगी केबल हाय व्होल्टेजच्या असतात, त्यांना अजिबात हात लावू नका.