रिपोर्ट नॉर्मल, तरी दुखतंय

"वर्षभर ओटीपोटात दुखतंय, दर तासाला लघवीला जावं लागतं. लघवीची तपासणी, कल्चर, सोनोग्राफी, सगळं नॉर्मल. आता डॉक्टर म्हणतात, समुपदेशकाला भेटा. म्हणजे हे सगळं माझ्या मनाचे खेळ आहेत का?"

हा प्रश्न घेऊन बायका माझ्यासारख्या समुपदेशकाकडे येतात, तेव्हा बहुतेक जणी चिडलेल्या असतात. चिडणं रास्तच आहे. उत्तर एका शब्दात द्यायचं तर 'नाही'. पण तेवढ्याने कुणाचं समाधान होत नाही, म्हणून मंजिरीबद्दल सांगते. तिचं नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मंजिरी चाळिशीची, एका सहकारी बँकेत कॅशियर. कॅशवरून उठायचं म्हणजे आधी ड्रॉवरला कुलूप घालायचं, स्क्रीन लॉक करायची, आणि समोर पेन्शनवाल्यांची रांग. रांगेतून कुणीतरी म्हणणारच, "मॅडम निघाल्या परत!" यावर तिने उपाय शोधला तो पाणी तोडण्याचा. सकाळी चहा, दुपारी डब्यासोबत दोन घोट, बस. लघवी गडद व्हायची, आग वाढायची, की दुसऱ्या दिवशी आणखी कमी पाणी.

घरी सासूबाईंनी निदान करून टाकलं होतं, उन्हाळी लागलीय. धण्या-जिऱ्याचं पाणी, वाळ्याचं पाणी आणि संध्याकाळी मोठा ग्लासभर लिंबू सरबत. सरबत प्यायलं की रात्र बसून काढावी लागते, हे मंजिरीच्या लक्षात आलं होतं. पण त्या मायेने करतात, नाही कसं म्हणायचं? दवाखान्यांची रांग वेगळीच. दरवेळी जंतुसंसर्गाच्या संशयावरून अँटिबायोटिकचा कोर्स, एका ठिकाणी तर गर्भाशय काढण्याचाही विषय निघाला. शेवटी 'टेन्शन घेऊ नका'. (हे वाक्य ऐकून कुणाचं टेन्शन गेल्याचं मी अजून पाहिलेलं नाही.)

माझ्याकडे आल्यावर तिने फाईल टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "मॅडम, मी वेडी नाहीये हे तुम्ही लिहून द्या."

मी तिला ताणाबद्दल काही विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, की दुखणं कधी वाढतं आणि कधी उतरतं? ती पटकन म्हणाली, "साठत गेली की वाढतं. करून आले की जरा सुटल्यासारखं होतं, मग पुन्हा सुरू." निदान करणं माझं काम नाही, पण एवढं ऐकल्यावर तिला मूत्रविकारतज्ज्ञांकडेच जायला हवं होतं, आणि ती तोपर्यंत त्यांच्याकडे गेलीच नव्हती. जाण्याआधी तीन दिवसांची डायरी ठेवायला सांगितली. कधी गेलात, किती झाली (स्वयंपाकघरातलं जुनं मापाचं भांडं त्यासाठी वेगळं काढायचं), दुखणं दहापैकी किती, त्याआधी काय खाल्लं-प्यायलं. तिच्या डायरीत बहुतेक वेळा ८०-९० मिलिलिटर होतं. साधारणपणे मूत्राशयात ३०० ते ५०० मिलिलिटर मावतं. रात्री तीनदा-चारदा उठणं होतं. आणि सरबताच्या शेजारी नऊचा आकडा.

तज्ज्ञांनी ती डायरी नीट वाचली. दुर्बिणीने मूत्राशयाची तपासणी झाली. खडा नाही, गाठ नाही, आपल्याकडे विसरून चालत नाही तो मूत्रमार्गाचा टीबीही नाही. मग नाव मिळालं, इंटरस्टिशियल सिस्टायटिस. हल्ली त्याला ब्लॅडर पेन सिंड्रोमही म्हणतात. सहा आठवड्यांहून जास्त काळ मूत्राशयाशी जोडलेलं दुखणं किंवा दाब, सोबत वरचेवर लघवी, आणि दुसरं कुठलंही कारण सापडत नाही, तेव्हा हे निदान होतं. होकार देणारी एकच एक चाचणी यासाठी नाही. बाल्टिमोरच्या गाय हनर यांनी १९१५ मध्ये या रुग्णांच्या मूत्राशयात दिसणाऱ्या जखमांचं वर्णन केलं, पण तशा जखमा थोड्याच जणांत सापडतात. बाकीच्यांचं मूत्राशय दुर्बिणीतून जवळपास ठीकठाकच दिसतं. म्हणजे 'नॉर्मल' रिपोर्ट सांगतो ते इतकंच, की जे शोधलं ते तिथे नाही. दुखत नाही असं तो कुठेच म्हणत नाही.

मंजिरीला मी अमेरिकेतल्या विकी रॅटनर यांच्याबद्दल सांगितलं. वैद्यकीय शिक्षण घेतानाच त्यांना हा त्रास झाला, आणि त्यांनाही हे मानसिक असल्याचं ऐकून घ्यावं लागलं. पुढे १९८४ मध्ये त्यांनी या रुग्णांची संघटना उभी केली. मंजिरी म्हणाली, "डॉक्टर होणाऱ्या बाईचं ऐकलं नाही, तिथे माझं कोण ऐकणार!" त्या दिवशी ती पहिल्यांदा हसली.

पण खरी अडचण पुढे आली. तज्ज्ञांनी रात्री घ्यायला अमिट्रिप्टिलिनची १० मिलिग्रॅमची गोळी दिली. तिने मोबाईलवर नाव टाकलं, 'नैराश्यावरील औषध' असं दिसलं, आणि गोळ्या न घेता ती तडक माझ्याकडे. "शेवटी मला मनोरुग्णच ठरवलंत ना सगळ्यांनी मिळून?"

हे पुष्कळ घरांत घडतं आणि औषध तिथेच सुटतं. हे औषध मुळात नैराश्यासाठी आलं हे खरं आहे. पण नैराश्यात त्याचा डोस याच्या कितीतरी पट असतो. इतक्या कमी मात्रेत ते मज्जातंतूंतून येणाऱ्या वेदनेसाठी देतात, मधुमेहात पायांची आग होते त्यातही. दीर्घकाळ दुखत राहिलं की नसा अतिसंवेदनशील होतात, थोडीशी लघवी साठली तरी 'भरलं, भरलं' अशी हाकाटी करतात, ती शांत करायचा तो प्रयत्न. सकाळी गुंगी राहील, तोंड कोरडं पडेल, हेही तिला सांगून ठेवलं, नाहीतर तेही गोळी बंद करायला पुरेसं कारण झालं असतं. गोळी स्वतःच्या मनाने बंद करायची नाही, जमत नसेल तर लिहून देणाऱ्यांनाच विचारायचं.

आणखी एक गोष्ट बोलण्यातून कळली. व्हिडिओ पाहून ती रोज ओटीपोटाच्या तळाचे (लघवी रोखताना आवळतो ते) स्नायू आवळण्याचे व्यायाम करत होती. तिचे ते स्नायू आधीच ताठरलेले होते. फिजिओथेरपिस्टने व्यायाम थांबवले आणि स्नायू सैल सोडायला शिकवलं. तिच्या मते सर्वांत जास्त फरक त्यानेच पडला.

मग माझं काम काय? 'सकारात्मक विचार करा' हे तर नाहीच. दुखणं जरा आटोक्यात आल्यावर आम्ही 'आत्ता जाऊन येते, नंतर मिळेल न मिळेल' अशा फेऱ्या हळूहळू लांबवल्या. दुखणं उसळेल त्या दिवसासाठी एक कागद तयार केला. गरम पाण्याची पिशवी, दिवसभर घोट घोट पाणी, चहा-कॉफी आणि आंबट-तिखट बंद, कुणाला फोन करायचा. दुखत असताना डोकं चालत नाही, म्हणून तो आधीच लिहिलेला बरा. आहाराबाबत एक सांगते. यादी वाचून सगळंच सोडू नका. ज्याने त्रास होतो तेवढंच सोडा, ते प्रत्येकाचं वेगळं असतं. सासूबाईंशी ती स्वतः बोलली. "आई, धण्याचं पाणी द्या, सरबत नको." त्या म्हणाल्या, "आधी सांगायचंस की गं!"

नवऱ्याला मी बोलावून घेतलं. रात्री ती कूस बदलते तो राग, असं त्याला वर्षभर वाटत होतं. शरीरसंबंधांच्या वेळी आणि नंतर दुखतं, हे तिने त्याला सांगितलंच नव्हतं. अनेक जोडपी असंच काहीतरी गृहीत धरून गप्प बसतात. दुखत असेल त्या दिवशी नकार म्हणजे नकार, आणि जवळ बसणं म्हणजे फक्त जवळ बसणं, एवढं दोघांनी ठरवलं.

मंजिरी पूर्ण बरी झालेली नाही. पाळीच्या आधी दुखणं अजून उसळतं. 'जुनं दुखणं आहे, औषध चालू आहे' इतकंच मॅनेजरना सांगून तिने कॅशवरून कर्ज विभागात बदली मागून घेतली.

तेव्हा तुमच्या प्रश्नाकडे येते. समुपदेशकाला भेटायला हरकत नाही, पण मूत्रविकारतज्ज्ञांना सोडून नाही. तीन दिवसांची डायरी, झालेल्या अँटिबायोटिक कोर्सची यादी आणि कल्चरचे सगळे रिपोर्ट सोबत न्या. पुरुषांनाही हे होतं, त्यांना पुष्कळदा प्रोस्टेटचा त्रास म्हणून वर्षानुवर्षं औषधं चालतात. लघवीतून रक्त गेलं, ताप आला किंवा वजन उतरू लागलं, तर थांबू नका, लगेच दाखवा. आणि रात्री 'यापेक्षा मेलेलं बरं' असं वाटत असेल, तर तेही घरात कुणाला तरी सांगा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.