वळणावर फुटणारा ताफा

प्रश्न : आम्ही भुसावळ, जळगाव व धुळ्याचे सहा मित्र संगणकावरच्या खेळात बी-१७ (दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकी बॉम्बफेकी विमान) एकत्र उडवतो, पण लक्ष्याआधीच्या वळणावर ताफा फुटतो. काय चुकते? (एक वाचक, भुसावळ)

उत्तर : चूक बहुधा म्होरक्याची असते. त्याने इंजिनांची पूर्ण शक्ती वापरली, तर वळणाच्या बाहेरच्या बाजूस असलेल्या विमानांना, ज्यांना अधिक अंतर कापावे लागते, वेग वाढवायला वावच उरत नाही. म्हणून त्याने शक्ती राखून, रुंद व सावकाश वळावे. भुसावळकरांना मालगाडीची रांग सवयीची असली, तरी इथे विमाने वरखाली, तिरकस ठेवावीत. त्यामुळे विमानांच्या मशीनगनचा मारा परस्परांना आधार देतो. बॉम्ब मात्र प्रत्येकाने स्वतंत्र नेम न धरता म्होरक्याचे सुटताच सोडावेत, जसे १९४३-४४ मध्ये अमेरिकेच्या आठव्या हवाई दलाचे ताफे करीत.