वाहन-प्रश्नोत्तरे : घट्ट ऑइलने टकटक कमी झाली, पण थरथर का वाढली?

प्रश्न : माझी शंभर सीसीची एअर-कूल्ड मोटरसायकल सुमारे ६० हजार किलोमीटर चालली आहे. इंजिनाची टकटक वाढल्यामुळे मेकॅनिकच्या सल्ल्याने मी या वेळी १०डब्ल्यू-३० ऐवजी २०डब्ल्यू-५० ऑइल घातले. आवाज बराच कमी झाला. परंतु सकाळी गाडी सुरू केल्यावर थरथर अधिक जाणवते, आणि ताशी ५५ किलोमीटरच्या आसपास हाताला मुंग्या येतात. हेच ऑइल पुढे वापरावे का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : आवाज कमी झाल्याचा आपला अनुभव खरा आहे, मात्र त्याचे सगळे श्रेय घट्टपणाला देता येणार नाही. आपल्या मोटरसायकलमध्ये इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्स एकाच ऑइलवर चालतात. तापल्यावरही ऑइलचा घट्टपणा टिकवून धरणारे लांब रेणू गिअरच्या दातांमध्ये सतत चिरडले जाऊन तुटत राहतात, त्यामुळे बदलायला आलेले ऑइल बहुधा पातळ झालेले असते आणि गिअर टाकतानाचा खटकाही वाढलेला असतो. आपण तुलना केली ती अशा वापरलेल्या ऑइलची ताज्या ऑइलशी. ताजे १०डब्ल्यू-३० घातले असते, तरी काही फरक जाणवलाच असता.

घट्टपणाचा वाटाही आहेच. १०डब्ल्यू-३० मधला शेवटचा आकडा तापलेल्या ऑइलच्या घट्टपणाचा ग्रेड सांगतो. १०० अंश सेल्सिअसला ३० ग्रेडचे ऑइल ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक्सच्या (हे घट्टपणा मोजण्याचे एकक), तर ५० ग्रेडचे १६.३ ते २१.९ सेंटिस्टोक्सच्या पट्ट्यात असते. हा जाड थर कॅम, टॅपेट (हे व्हॉल्व्ह उघडणारे भाग) आणि गिअरच्या दातांमधल्या फटीत राहून धातूवर धातू आदळण्याचा आवाज दाबतो, पण फट तेवढीच राहते. टॅपेटची फट मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत मोजली जाते. इतक्या प्रवासानंतर ती वाढली असण्याची शक्यता मोठी आहे, म्हणून इंजिन पूर्ण थंड असताना फीलर गेजने, म्हणजे फट मोजण्याच्या पातळ पट्ट्यांनी, ती तपासून घ्यावी. टकटक ही इंजिनाने दिलेली सूचना आहे, आणि ती घट्ट ऑइलखाली झाकली जाऊन मूळ दोष तसाच वाढत राहील, याची मला अधिक काळजी वाटते.

थरथरीचे मूळ वेगळे आहे. एकाच सिलिंडरच्या इंजिनात वर-खाली धावणाऱ्या पिस्टनचा तोल क्रँकवरील वजनाने काही अंशीच सांभाळला जातो, आणि उरलेले कंपन कोणत्याही ऑइलने जात नाही. सकाळी ते वाढण्याचे कारण मात्र ऑइलमध्ये असू शकते, कारण थंड असताना २०डब्ल्यू-५० हे १०डब्ल्यू-३० च्या दुपटीहूनही घट्ट असते, इंजिनाला ते ओढून फिरावे लागते, आयडलिंग (ॲक्सिलरेटर न देता इंजिन फिरण्याचा वेग) खाली येते आणि कमी फेऱ्यांवर प्रत्येक ठोका वेगळा जाणवतो. घट्ट ऑइल हेडपर्यंत, म्हणजे इंजिनाच्या वरच्या टोकाला टॅपेट असतात तिथपर्यंत, पोहोचायलाही उशीर लागतो, म्हणजे ज्या टॅपेटसाठी ते घातले, तेच काही क्षण कोरडे राहतात. ठरावीक वेगाला येणाऱ्या मुंग्यांसाठी इंजिन माउंटिंगचे बोल्ट, हँडलच्या टोकांची वजने आणि चेनचा ताण पाहावा.

५० हा आकडा मुळात वाईट नाही. रॉयल एन्फिल्डच्या ३५० सीसी इंजिनांसाठी कंपनीच १५डब्ल्यू-५० सांगते. पण ती इंजिने त्या ऑइलसाठीच आखलेली आहेत. आपल्या गाडीच्या पुस्तिकेत १०डब्ल्यू-३० दिले असेल, तर आधी टॅपेट जुळवून घ्यावेत आणि मग त्याच ग्रेडवर परत यावे. डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए२’ (मोटरसायकलच्या ऑइलसाठीचे जपानी मानक) अशी नोंद अवश्य पाहावी, कारण कारसाठीच्या अनेक ऑइलांत घर्षण कमी करणारी रसायने असतात आणि त्यांमुळे ऑइलमध्ये बुडालेला क्लच घसरू शकतो.