शेतकऱ्याचे घर लिहिताना

ठाणे

प्रिय मित्रा,

सप्रेम आशीर्वाद. तुझ्या कादंबरीची पहिली तीन प्रकरणे मिळाली आणि मी ती दोनदा वाचली. नवी मुंबईतल्या घणसोलीच्या तुझ्या घरात आता कोणी नांगर धरत नाही, तरी आजोबांच्या भातशेतीवर लिहावे असे तुला वाटले, याचा मला मनापासून आनंद आहे. म्हणूनच स्पष्ट लिहितो. या प्रकरणांत शेत आहे, पण शेतीचे काम नाही. पाऊस पडतो, खाचर हिरवे होते, आजी ओवी गुणगुणते आणि घरातले सगळे एकमेकांशी गोड वागतात. मात्र रोपांसाठी जमीन भाजायचा राब कोणी भाजला, आवणाच्या म्हणजे भातरोपांच्या मुठी कोणी वाहिल्या, लावणीच्या मजुरीचे पैसे कोठून आले, यातले काहीच वाचकाला कळत नाही.

शेतकऱ्याच्या घरातली नाती कामातून घडतात आणि कामातच बिघडतात. हे ज्याच्याकडून शिकावे असा लेखक म्हणजे कागलचे आनंद यादव. त्यांची ‘झोंबी’ ही आत्मचरित्रात्मक कादंबरी १९८७ साली प्रसिद्ध झाली आणि १९९० साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. तिच्यातला बाप मुलाच्या शिक्षणाच्या आड येतो, त्याला मारझोड करतो, आणि वाचताना त्याचा संताप येतो. पण यादव संतापापाशी थांबत नाहीत. मळा दुसऱ्याचा, घरात खाणारी तोंडे वाढत चाललेली, आणि पिकाला पाणी पाजायला, ढोरे राखायला माणूस हवा. मुलगा शाळेत गेला की कामाला एक गडी कमी पडतो, हा हिशेब ते वाचकाला नजरेआड करू देत नाहीत. त्यामुळे बापाचे क्रौर्य क्षम्य ठरत नाही, पण ते कोणत्या मातीत उगवले हे दिसते, आणि नवरा व मुलगा यांच्यामध्ये सापडलेली आईही नुसती सोशीक राहत नाही. तुझे आजोबा मात्र इतके सज्जन आहेत की मला ते दिसेनात. त्यांच्या डोक्यावर कर्ज होते का? बांधावरून भाऊबंदांशी वाद होता का? चांगले जेवण प्रथम कोणाच्या ताटात पडत असे?

यादवांचीच ‘गोतावळा’ मी ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयातून आणून प्रथम वाचली, आणि तिने मला जे शिकवले ते तुझ्या फार उपयोगाचे आहे. १९७१ सालच्या या कादंबरीत मळ्याची कथा मालक सांगत नाही, त्याचा सालगडी नारबा सांगतो. त्याला स्वतःचा संसार नाही; बैल, म्हशी, मळ्यातली झाडे आणि पाखरे हेच त्याचे सोयरे. मळ्यात ट्रॅक्टर येतो, जनावरे जातात, आणि मालकाच्या दृष्टीने जी सुधारणा असते तिच्यात नारबाचे गणगोत तुटते. शिवाय सगळे निवेदनच त्याच्या बोलीत आहे. पुष्कळ लेखक पात्रांच्या तोंडी बोली घालतात आणि निवेदन स्वतःच्या शहरी भाषेत ठेवतात. मग वाचक बांधावर उभा राहून शेताकडे पाहतो, चिखलात उतरत नाही. तुझ्याही प्रकरणांत हा सांधा दिसतो. सगळी कादंबरी आगरी बोलीत लिही, असे मी म्हणत नाही, कारण तो निर्णय तुझ्या कानाचा आहे. पण खाडीच्या बांधातल्या ज्या वाटेला तुझी आजी उघाडी म्हणते, तिला तू ‘पाण्याचा दरवाजा’ म्हटले आहेस, ते तेवढे बदल.

यादवांचे अनुकरण मात्र करू नकोस. त्यांचा मळा विहिरीच्या पाण्यावरचा, आणि तिथले कुटुंब आपल्या कामात एकटे पडलेले. तुझ्या आजोबांची जमीन खाडीकाठची, एका भातपिकाची. उधाणात बांधाला रात्री खांड पडली, तर एका घराने ती बुजत नाही. खारे पाणी शेजाऱ्याच्याही खाचरात शिरते, म्हणून सारा गाव धावतो. भात निघाल्यावर मिठागरावर किंवा मासेमारीला जावे लागते. अशा ठिकाणी एका कुटुंबाची गोष्ट सांगताना गावाची गोष्ट आपोआप सांगावी लागते, आणि ही तुझ्या कादंबरीची मोठी ताकद होऊ शकेल.

आणखी एक. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना १७ मार्च १९७० रोजी झाली आणि या शहरासाठी ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी घ्यायचे ठरले. म्हणजे ‘गोतावळा’ छापली जात होती त्याच सुमारास तुमच्याकडे भूसंपादनाची चाहूल लागत होती. नारबाच्या मळ्यातून जनावरे गेली, जमीन राहिली. तुमच्याकडे घर राहिले आणि जमीन गेली. ही घटना तू अर्ध्या ओळीत उरकली आहेस. माझ्या मते कादंबरी इथेच आहे. बैलजोडी विकली गेली त्या दिवशी आजोबा कुठे होते? लावणीत पुढे असणाऱ्या, कामाने मान मिळवलेल्या बाईचा घरातला शब्द काम संपल्यावर चालेनासा झाला का? मोबदल्याचे पैसे वाटताना लेकींचा विचार झाला का?

चौथे प्रकरण लिहिण्याआधी आजीजवळ दोन संध्याकाळ बस. उघाडीच्या फळ्या कोण उचलत असे, आणि तो आजारी पडला तर कोण, एवढेच तिला विचार, आणि ती जे सांगेल ते तिच्याच शब्दांत लिहून मला पाठव.

तुझा हितचिंतक