कांद्याला उशिराचा युरिया आणि डीएपीसोबत गळ्यात मारलेली पिशवी

प्रश्न (चांदवड तालुका): उन्हाळ कांद्याच्या लागवडीला 70 दिवस झाले आहेत. पात हिरवीगार आहे, पण कांदा फुगलेला नाही. दुकानदार एकरी एक बॅग युरिया टाकून टॉनिकची फवारणी करायला सांगतो. खरिपासाठी डीएपी (नत्र व स्फुरद असलेले दाणेदार खत) मागितले, तर विद्राव्य (पाण्यात विरघळणाऱ्या) खताची पिशवी घेतल्याशिवाय ते मिळणार नाही, असेही तो म्हणतो. काय करावे? कांदाचाळीचे, म्हणजे कांदा साठवण्याच्या शेडचे, अनुदान मिळेल का?

उत्तर: युरिया टाकू नका. पात हिरवीगार असताना नत्र कमी पडले आहे असे म्हणायला कोणताही आधार नाही, आणि 70 दिवसांच्या कांद्याला दिलेला युरिया पातीतच राहतो. त्यामुळे मान जाड होते, जोडकांदा वाढतो आणि असा कांदा चाळीत गेल्यावर पहिल्या पावसाच्या दमट हवेत आधी सडतो व शेजारच्या कांद्यालाही सडवतो. देवळा, सटाणा, येवला या सगळ्या पट्ट्यात जूनमध्ये चाळ उघडल्यावर जो माल उकिरड्यावर जातो, त्यातला बराचसा मार्चमध्येच बिघडलेला असतो. खात्री करायची असेल तर चार कांदे उपटून मानेपासून बुडापर्यंत उभे कापून पाहा. मान अंगठ्याएवढी जाड आणि आत दोन डोळे (जोडकांद्याची खूण) दिसले, तर नत्र आधीच जास्त झाले आहे.

कांद्याला हेक्टरी 100 किलो नत्र, 50 किलो स्फुरद आणि 50 किलो पालाश ही शिफारस आपणांस माहीत आहेच. एकराच्या हिशेबाने डीएपीची एक बॅगही पुरती लागत नाही आणि युरियाच्या 45 किलोच्या साधारण दीड बॅगा पुरतात. अर्धे नत्र लागवडीच्या वेळी आणि उरलेले दोन हप्त्यांत, म्हणजे 30 व्या आणि 45 व्या दिवसाच्या आसपास. त्यानंतर युरिया नाही. 266 रुपये 50 पैशांत बॅग मिळते म्हणून हात सैल सुटतो, पण त्याची किंमत चाळीत मोजावी लागते. आता पाण्याच्या पाळ्या जमिनीचा मगदूर पाहून द्या आणि काढणीपूर्वी दोन ते तीन आठवडे पाणी तोडा.

टॉनिकविषयी इतकेच सांगतो की 2021 पासून अशी जैव उत्तेजके (पिकाच्या वाढीला चालना देणारी द्रव्ये) खत नियंत्रण आदेशाच्या कक्षेत आली आहेत, त्यामुळे बाटलीवर घटक, प्रमाण आणि उत्पादकाचा पत्ता नसेल तर ती हातात घेऊ नका. करप्याचे, फुलकिड्यांचे, वाढरोधक आणि टॉनिक अशी चार औषधे एकाच पंपात कालवण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो पिकासाठी नसून गल्ल्यासाठी आहे असे समजावे. ज्या कीटकनाशकाच्या लेबलवर कांद्याचे नाव नाही ते कांद्यावर मारू नका, आणि लेबलवर लिहिलेल्या मात्रेच्या दीडपट मात्रा तर कोणाच्याही सांगण्यावरून नको.

आता डीएपीचे. एका खतासोबत दुसरे उत्पादन घेण्याची सक्ती करता येत नाही. खत नियंत्रण आदेश, 1985 हा जीवनावश्यक वस्तू कायद्याखाली निघालेला आदेश आहे. त्यानुसार विक्रेत्याने साठा व दरफलक दुकानात लावला पाहिजे, छापील किमतीपेक्षा एक रुपयाही जास्त घेता कामा नये आणि पावती दिली पाहिजे. अनुदानित खत ई-पॉस (विक्री नोंदवणाऱ्या) यंत्रावर शेतकऱ्याची ओळख पडताळूनच विकायचे असते, त्यामुळे यंत्राची पावती निघते. ती मागून घ्या. माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींसोबत बहुतेक वेळा वहीचे फाडलेले पान असते, त्यावर पेन्सिलीने ‘खत 3, औषध 2’ आणि खाली बेरीज. कंपनीचे नाव नाही, बॅच क्रमांक नाही, सही नाही. अशा कागदावर निरीक्षकाला काहीही करता येत नाही. पक्के बिल घ्या. उधारीवर माल घेतला तरी पक्के बिल घ्या, कारण उधारीच्या दबावाखालीच शेतकरी नको ते घेतो आणि गप्प बसतो. सक्ती झाली तर दुकानाचे नाव, तारीख व बिलाची प्रत जोडून तालुका कृषी अधिकारी किंवा पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्या आणि अर्जाची पोच घ्या. तोंडी तक्रारीची नोंद राहत नाही.

कांदाचाळीसाठी अर्ज राज्य शासनाच्या महाडीबीटी पोर्टलवर करावा. शेतकरी ओळख क्रमांक लागतो, सातबाऱ्यावर कांद्याची नोंद लागते, म्हणून ई-पीक पाहणी (मोबाइलवरून पिकाची नोंद) मुदतीत करा. पूर्वसंमतीचे पत्र मिळण्याआधी बांधकाम सुरू केले तर अनुदान मिळत नाही.

पुढच्या हंगामाचा खताचा हिशेब दुकानात न करता माती परीक्षणावर करावा, हा माझा आग्रह राहील. काढणी झाल्यावर, शेणखत टाकण्यापूर्वी, बांध, झाडाखालची जागा आणि उकिरड्याची जागा सोडून शेतात आठ-दहा ठिकाणी इंग्रजी ‘व्ही’ आकाराचे वीतभर खड्डे घ्या, त्यांच्या कडेची माती एकत्र करून चार भाग पाडत अर्धा किलो राखा, ती सावलीत वाळवा आणि गट क्रमांक लिहिलेल्या कापडी पिशवीतून सहाय्यक कृषी अधिकाऱ्यांकडे (पूर्वीचे कृषी सहाय्यक) द्या. खताच्या रिकाम्या गोणीत नमुना भरू नका. अहवाल चुकीचा येतो.