भाड्याचं वन-बीएचके आणि हातात पाच हजार : बाळाची खोली कशी सजवू?

तुम्ही लिहिलंय की सातवा महिना चालू आहे, घरमालक भिंतीत एक खिळा ठोकू देत नाही, आणि पाच हजारांच्या वर एक रुपया जाता कामा नये. माझी मुलगी आता चार वर्षांची आहे. ती झाली तेव्हा आम्ही पुण्यात धनकवडीत तिसऱ्या मजल्यावर अशाच घरात राहायचो, म्हणून उत्तर द्यावंसं वाटलं.

आधी मला सांगा, बाळंतपण माहेरी की सासरी? माहेरी जाणार असाल तर बाळ या घरात पाऊल (म्हणजे तुमचंच पाऊल) टाकेल तेव्हा दोन-तीन महिन्यांचं झालेलं असेल. आत्ता घाई करून काहीच आणायची गरज नाही. आमची आई तर आधीपासून काही आणूच देत नव्हती. "बाळ हातात येऊ दे, मग बघू." मी तेव्हा फार चिडायचे, पण त्या एका हट्टाने माझे पैसे वाचले. बारशाला काय आलं म्हणता? अकरा दुपटी, सात टोपडी, आणि छत्रीसारख्या उघडणाऱ्या तीन मच्छरदाण्या! त्यातली एक वापरली, दोन पुढच्या बारशांना गेल्या. यातलं काहीही विकत घेऊ नका, येतंच.

आता सजावट. मी पहिली चूक केली ती ऑनलाइन स्टिकर मागवण्याची. हत्ती, ढग, फुगे, सगळे मिळून नऊशे रुपये. "भिंतीला काही होत नाही" असं पाकिटावर लिहिलेलं. आमच्या भिंतीला डिस्टेंपर होता. घर सोडताना हत्ती काढला, तर त्याच्याबरोबर हत्तीच्याच आकाराचा रंगाचा पोपडा निघून आला आणि डिपॉझिटमधून दीड हजार कापले गेले. तुमच्या भिंतीवरून ओला हात फिरवून बघा. हाताला पांढरं लागलं तर स्टिकर, डबल टेप, चिकटणारे हुक, सगळं विसरा.

शिवाय ते ढग नि फुगे बाळाला दिसतच नाहीत हो. नुकत्या जन्मलेल्या बाळाला साधारण 20 ते 30 सेंमीवरचं त्यातल्या त्यात स्पष्ट दिसतं, म्हणजे पाजताना आईचा चेहरा असतो तेवढ्या अंतरावरचं. फिके गुलाबी-आकाशी रंग त्याच्या लेखी एकच. काळं-पांढरं मात्र ते टक लावून बघतं. म्हणून भिंतीचा नाद सोडा आणि पाळण्याच्या वरचा हातभर भाग सजवा. त्यासाठी आपल्याकडे चिमणाळं, म्हणजे पाळण्यावर टांगायचं कापडी चिमण्यांचं झुंबर, आहेच की!

माझं चिमणाळं शिंप्याकडच्या चिंध्यांतून झालं. चार बोटांचा चौकोनी तुकडा तिरका दुमडला की त्रिकोण होतो. दोन कडा शिवायच्या, कापूस भरायचा, एक टोक चोचीसाठी लाल दोऱ्याने गुंडाळायचं, मागे शेपटीला उरलेला काठ. डोळ्याला मणी किंवा टिकली लावू नका, सुटली तर थेट तोंडात जाते. काळ्या दोऱ्याची गाठ मारा. पहिल्या पाच चिमण्या नवऱ्याच्या काळ्या पँटच्या आणि सासऱ्यांच्या धोतराच्या केल्या. सासूबाई म्हणाल्या, "या चिमण्या आहेत की कावळे?" पण दोन महिन्यांची पोर त्या कावळ्यांकडे बघत पंधरा-पंधरा मिनिटं गप्प पडून राहायची, आणि तेवढ्यात माझी आंघोळ व्हायची. पुढे चौथ्या-पाचव्या महिन्यात रंगीत चिमण्या बांधल्या. ती हात उंच करून पकडायला लागली त्या दिवशी सगळंच काढून टाकलं, कारण दोरा गळ्याभोवती जायची भीती. खर्च : भरतकामाची लाकडी रिंग आणि दोरा मिळून साठ रुपये.

पाळणा विकत घेऊ नका. नात्यात, सोसायटीत कुणाकडे तरी माळ्यावर पडलेला असतो. आम्हाला नणंदेने लोखंडी दिला. सासरचा लाकडीही होता, नवऱ्याच्या वेळचा, हिरव्या ऑइलपेंटचा. सगळ्यांना तोच हवा होता आणि ह्याने तर गॅलरीत बसून पॉलिशपेपरने घासायलाही सुरुवात केली होती. मीच थांबवलं. जुन्या रंगांत शिसं असू शकतं आणि घासलं की त्याची धूळ घरभर होते. घरगुती रंगांत शिसं दशलक्षात 90 भागांपेक्षा जास्त नको हा नियम आपल्याकडे 2017च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. त्याआधीचं काय सांगणार? तेव्हा जुनं घ्या, पण रंगाचे पोपडे निघालेलं घेऊ नका. दांड्यांमधली फटही मोजा, 6 सेंमीपेक्षा जास्त असली तर नको.

गोधडी मात्र सासूबाईंचीच. आजेसासूबाईंची एक नऊवारी होती, धुऊन धुऊन सायीसारखी झालेली. तिचे तीन थर एकावर एक आणि वरून धावदोरा, बास. कापूस नाही, स्पंजही नाही. मांडीवर घेऊन रोज दुपारी एक-दोन ओळी घालायच्या. मध्येच दोरा संपला तेव्हा निळा घातला, त्यामुळे एका कोपऱ्यात टाके अचानक निळे झालेत. पोर अजूनही झोपताना तोच कोपरा शोधते. पाळण्यात खाली अंथरायला अशी पातळ गोधडी पुरते. दुकानातला उशी-लोड-तक्क्यांचा गुबगुबीत सेट दिसतो गोड, पण लहान बाळाच्या अंथरुणात उशा आणि मऊ वस्तू ठेवायच्याच नसतात, श्वास कोंडू शकतो. बाळाला उताणं, सपाट, घट्ट गादीवर झोपवायचं. डोकं गोल व्हावं म्हणून देतात त्या मोहरीच्या उशीवरून घरात वाद होईल, तयारी ठेवा. आमच्याकडे झाला होता.

म्हणजे पैसे कुठे घालायचे? माझ्या मते डासांवर आणि तुमच्या पाठीवर. बेडरूमच्या खिडकीला वेल्क्रोची जाळी बसवून घ्या. चौकटीला चिकटते, खिळा लागत नाही, घर सोडताना काढून नेता येते. आम्हाला दोन खिडक्यांचे अठराशे पडले आणि ते सगळ्यात सार्थकी लागलेले पैसे. दुसरी गोष्ट, पाठ टेकून पाजता येईल अशी हातांची खुर्ची. रात्री तीन वाजता पलंगाच्या कडेवर बसून पाजलंत की कळेल मी काय म्हणतेय. आम्ही जुन्या बाजारातून वेताची आणली, सातशेला, एक पाय थोडा डुगडुगता. त्याखाली पुठ्ठ्याची घडी. तिसरं, पिवळा मंद दिवा, सॉकेटमध्ये थेट बसणारा. दुपटं बदलताना ट्यूबलाइट लावली की बाळ टक्क जागं होतं.

आणि हो, ज्या भिंतीला पावसाळ्यात ओल येते तिला पाळणा टेकवू नका, मग तो कोपरा कितीही छान दिसो. ती ओल कॅलेंडरने झाकूही नका. घरमालकाला आत्ताच फोन करा, सातव्या महिन्यातल्या बाईला "नाही" म्हणणं त्यालाही जड जातं.

तरीही भिंतीवर काहीतरी हवंच असेल तर पडद्याच्या रॉडवरून एखादी रंगीत साडी सोडा, खाली चुण्या पडतील अशी. आम्ही माझी डोहाळजेवणाची हिरवी सोडली होती. उन्हं आली की सगळी खोली हिरवी दिसायची.